नवे तंत्रज्ञान व्यवसायात रुजते कसे आणि अडते कुठे

एखाद्या कंपनीने नवी संगणक प्रणाली घेतली असे आपण म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्यात निदान तीन वेगळ्या घटना दडलेल्या असतात. पहिली म्हणजे वरिष्ठांनी केलेला खरेदीचा निर्णय, दुसरी म्हणजे ती प्रणाली बसवून चालू करणे आणि तिसरी म्हणजे कामाच्या जागी बसलेल्या माणसांनी आपले रोजचे काम खरोखर तिच्यावर करू लागणे. पहिल्या दोन घटनांना तारीख असते, करार असतो, कधीकधी समारंभही असतो. तिसरीला यांपैकी काहीच नसते आणि खर्चाचा मोबदला मात्र तिच्यातूनच मिळायचा असतो. रॉबर्ट फिचमन आणि ख्रिस केमरर या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, एखादे तंत्रज्ञान किती कंपन्यांनी विकत घेतले आणि किती कंपन्यांत ते प्रत्यक्ष कामाला लागले, या दोन आकड्यांत मोठी दरी राहू शकते. नुसते विक्रीचे आकडे पाहणाऱ्याला वाटते की हे तंत्रज्ञान सर्वदूर पोहोचले. प्रत्यक्षात घेतलेल्या मालापैकी बराचसा धूळ खात पडलेला असतो.

म्हणून व्यवसाय नवे माहिती तंत्रज्ञान कशामुळे स्वीकारतात, हे समजून घेताना खरेदीची कारणे आणि वापराची कारणे वेगवेगळी ठेवावी लागतात. खरेदीमागे बहुधा नफ्याची अपेक्षा, स्पर्धक पुढे जाईल ही धास्ती किंवा कायद्याची सक्ती असते. वापर मात्र ठरतो तो त्या प्रणालीमुळे कोणाचे काम वाढते, कोणाचे हलके होते आणि कोणाच्या हातातला अधिकार कोणाकडे जातो, यावर. फसलेल्या प्रकल्पांच्या तपशिलात गेले की यंत्र बिघडल्याचे क्वचितच आढळते. हा दुसरा हिशेब कोणी मांडलेलाच नव्हता, असे मात्र वारंवार आढळते.

अभ्यासकांनी या कारणांची वर्गवारी पुष्कळ प्रकारे केली आहे. त्यांतली सर्वांत सोयीची मांडणी लुइस टोर्नात्स्की आणि मिचेल फ्लायशर यांनी १९९० मध्ये केली. त्यांच्या मते कारणांचे तीन गट पडतात. काही कारणे त्या तंत्रज्ञानातच असतात, काही ते घेणाऱ्या संस्थेत असतात आणि काही बाहेरच्या परिस्थितीत असतात. हे तीन कप्पे ध्यानात ठेवायला सोपे आहेत, परंतु प्रत्यक्षात त्यांच्या भिंती पक्क्या नाहीत. एकच सॉफ्टवेअर एका संस्थेला सोपे जाते आणि दुसरीला डोईजड होते, तेव्हा अवघडपणा सॉफ्टवेअरचा मानायचा की संस्थेचा, याला नेमके उत्तर नसते.

तंत्रज्ञानाचे स्वतःचे गुण

नव्या गोष्टी समाजात पसरतात कशा, याचा पद्धतशीर अभ्यास संगणकापासून सुरू झाला नाही, शेतीपासून सुरू झाला. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्यांनी कसे स्वीकारले, यावर ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. या बियाण्याची माहिती शेतकऱ्यांना प्रथम मिळाली ती मुख्यतः विक्रेत्यांकडून. परंतु ते पेरावे असे मनाने घेतले ते शेजाऱ्याच्या शेतातले पीक आणि त्याचा अनुभव पाहून. शिवाय पुष्कळांनी पहिल्या वर्षी जमिनीच्या लहानशा तुकड्यावरच ते पेरून पाहिले आणि मग क्षेत्र वाढवत नेले. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये अशा अनेक अभ्यासांतून पाच गुण वेगळे काढले. नवी गोष्ट जुनीपेक्षा किती सरस आहे, चालू पद्धतींशी ती किती जुळते, समजायला किती अवघड आहे, आधी थोडक्यात करून पाहता येते का आणि तिचा परिणाम इतरांना दिसतो का, या पाच गोष्टींवर तिच्या प्रसाराचा वेग अवलंबून असतो, असे त्यांचे म्हणणे. साठ वर्षांनंतरही कोणतेही सॉफ्टवेअर या पाच प्रश्नांपुढे उभे केले की त्याच्या भवितव्याचा बराचसा अंदाज येतो.

पाचांपैकी पहिल्या गुणाकडे सर्वांचे लक्ष असते, कारण विक्रेते त्याच्याविषयीच बोलतात. माझ्या मते व्यवसायांना सर्वाधिक महागात पडतो तो दुसरा, म्हणजे जुळण्याचा गुण. जर्मनीतील लिडल या मोठ्या किरकोळ विक्री साखळीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मालाचा साठा, खरेदी आणि विक्री यांचा सगळा व्यवहार एकाच प्रणालीवर आणण्यासाठी लिडलने २०११ मध्ये सॅप या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर आधारलेला प्रकल्प हाती घेतला आणि सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्यावर २०१८ मध्ये तो गुंडाळला. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांत एक कारण ठळकपणे पुढे आले. लिडल आपल्या साठ्याचे मूल्य खरेदीच्या किमतीवरून काढत असे, तर मूळ सॉफ्टवेअर विक्रीची किंमत धरून चालत असे. वरवर पाहता हा हिशेबाच्या पद्धतीतला किरकोळ फरक वाटतो. पण साठ्याचे मूल्य कसे धरायचे यावर नफा, सवलती, मालाची मागणी आणि शाखांची कामगिरी असे सगळेच गणित उभे असते. कंपनीने आपली पद्धत बदलली नाही. त्याऐवजी सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीप्रमाणे वळवून घ्यायला सुरुवात केली. तयार सॉफ्टवेअरमध्ये असे फेरफार जितके वाढत जातात, तितके ते तयार राहत नाही. प्रत्येक नवी आवृत्ती आली की सगळे फेरफार पुन्हा तपासावे लागतात आणि खर्चाला अंत उरत नाही.

इथे कोणाची चूक झाली, हे ठरवणे सोपे नाही. आपली पद्धत हीच आपली ताकद आहे असे मानणाऱ्या कंपनीने ती का सोडावी? आणि हजारो ग्राहकांसाठी बनवलेले सॉफ्टवेअर एकासाठी मुळापासून कसे बदलावे? शहाणपण एवढेच सांगता येते की कोणत्या पद्धती आपल्याला खरोखर इतरांहून वेगळे बनवतात आणि कोणत्या नुसत्या सवयीने चालत आल्या आहेत, याची छाननी करार करण्यापूर्वी व्हायला हवी. बहुतेक संस्थांत ही छाननी प्रकल्प अर्ध्यावर आल्यावर होते.

आधी थोडक्यात करून पाहण्याच्या गुणाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. एखाद्या विभागात नवी प्रणाली प्रायोगिक तत्त्वावर चालवून पाहण्याची पद्धत आता सर्वमान्य आहे आणि ती योग्यच आहे; पण अशा प्रयोगासाठी बहुधा सर्वांत उत्साही विभाग निवडला जातो, विक्रेत्याचे तंत्रज्ञ रोज हाताशी असतात, वरिष्ठांचे लक्ष असते आणि अडचण आली की ती तासाभरात सुटते. अशा वातावरणातले यश पुढे पन्नास विभागांत तसेच्या तसे उतरेल असे मानणे धाडसाचे ठरते. शिवाय काही प्रणाली थोडक्यात करून पाहताच येत नाहीत. हिशेब, साठा, उत्पादन आणि पगार यांना एकत्र बांधणारी ईआरपी प्रणाली अर्धी बसवली तर तिचा अर्धा फायदा मिळत नाही. कित्येकदा दोन्ही पद्धती सांभाळण्याचा बोजा तेवढा पदरात पडतो.

काम कोणाचे आणि लाभ कोणाचा

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेला एक साधा सिद्धान्त या क्षेत्रात फार गाजला. माणूस एखादी प्रणाली वापरेल की नाही, हे दोन समजुतींवर ठरते: ती मला माझ्या कामात उपयोगी पडेल का आणि ती वापरायला सोपी आहे का. डेव्हिस यांना असेही आढळले की या दोहोंत उपयुक्ततेचे पारडे जड असते. उपयोग पटला तर लोक अवघड प्रणालीशीही झुंजतात; उपयोग पटला नाही तर कितीही सुबक पडदा पुढे आला तरी त्याकडे फिरकत नाहीत. या सिद्धान्तावर टीकाही झाली, कारण त्यात माणूस एकटा आहे असे गृहीत धरले आहे. व्यवसायात मात्र माणूस एकटा कधीच नसतो. उपयोगी म्हणजे कोणाला उपयोगी, हा प्रश्न तिथे लगेच उभा राहतो.

जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये हा प्रश्न नेमका पकडला. गटाने मिळून वापरायचे सॉफ्टवेअर वारंवार का फसते, याचे त्यांनी दिलेले एक कारण असे की ज्याला जादा काम करावे लागते तो वेगळा असतो आणि ज्याला लाभ मिळतो तो वेगळा असतो. सामायिक दिनदर्शिकेचेच पाहा. सर्वांनी आपापल्या भेटी आणि मोकळा वेळ त्यात नोंदवला, तर बैठक ठरवणाऱ्याला एका क्षणात सोयीची वेळ सापडते. पण बैठका बोलावतात वरिष्ठ, आणि नोंदी ठेवण्याचे रोजचे काम पडते ते कनिष्ठांवर, ज्यांना स्वतःला त्या दिनदर्शिकेची फारशी गरज नसते. काही जण नोंदी करत नाहीत, मग दिनदर्शिका अपुरी राहते, अपुरी असल्यामुळे तिच्यावर विसंबता येत नाही आणि शेवटी बैठक ठरवणाराही पुन्हा फोन उचलतो. विक्री प्रतिनिधींनी ग्राहकांच्या भेटींची माहिती भरायची सॉफ्टवेअरे आजही याच खडकावर आपटतात. माहिती भरणाऱ्याला ती फक्त आपल्यावर देखरेख ठेवण्यासाठी गोळा होते असे वाटत असेल, तर तो महिनाअखेरीस एका बैठकीत सगळे रकाने अंदाजाने भरून टाकतो आणि वरच्या मजल्यावर त्या अंदाजांचे रंगीत आलेख तयार होतात.

वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच धाग्याचा, पण अधिक खोल जाणारा आहे. एका मोठ्या सल्लागार संस्थेने आपल्या हजारो कर्मचाऱ्यांसाठी लोटस नोट्स हे सॉफ्टवेअर घेतले. एका सल्लागाराचा अनुभव आणि त्याने शोधलेली उत्तरे दुसऱ्याला सहज मिळावीत, हा हेतू होता. खरेदी झटपट झाली, बसवणेही झाले, पण अपेक्षित देवाणघेवाण काही होईना. ऑर्लिकोव्स्की यांना त्याची दोन मोठी कारणे दिसली. हे सॉफ्टवेअर नेमके कशासाठी आहे, हे बहुतेकांना कोणी नीट समजावलेच नव्हते, त्यामुळे काहींनी त्याला पत्रव्यवहाराचे आणखी एक साधन मानले, तर काहींनी निव्वळ वैयक्तिक टिपणवही मानले. दुसरे कारण संस्थेच्या हाडामांसात भिनलेले होते. तिथे सल्लागाराचा प्रत्येक तास कोणत्या ना कोणत्या ग्राहकाच्या खात्यावर लागावा अशी अपेक्षा होती. नोट्स शिकण्यात घालवलेला तास कोणत्या खात्यावर टाकायचा, हे ठरलेलेच नव्हते. त्याशिवाय बढतीची चढाओढ तीव्र होती आणि प्रत्येकाची किंमत त्याला एकट्याला जे ठाऊक आहे त्यावर ठरत होती. अशा ठिकाणी आपले ज्ञान सर्वांसाठी खुले करणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे. लक्षणीय बाब अशी की संस्थेच्या ज्या तांत्रिक साहाय्य विभागात एकमेकांना मदत करणे हाच कामाचा भाग होता, तिथे तेच सॉफ्टवेअर सहज रुळले.

सत्तेचा मुद्दा एम. लिन मार्कस यांच्या १९८३ च्या लेखात आणखी उघडपणे येतो. त्यांनी अभ्यासलेल्या कंपनीत, जिचे खरे नाव त्यांनी दिलेले नाही, हिशेबाची नवी प्रणाली आणली गेली. तोवर प्रत्येक विभागाचे लेखापाल आपले व्यवहार स्वतः नोंदवत, त्यांची गोळाबेरीज करत आणि मुख्य कार्यालयाला सारांश पाठवत. मुख्य कार्यालयाने काय पाहायचे, हे त्यामुळे काही प्रमाणात विभागांच्या हातात राहत असे. नव्या प्रणालीत सगळे व्यवहार एकाच सामायिक साठ्यात जाऊ लागले आणि मुख्य कार्यालयाच्या लेखापालांना विभागांची कामगिरी परस्पर तपासता येऊ लागली. विभागांनी कुरकूर केली, तांत्रिक दोष दाखवले आणि काहींनी जुन्या वह्याही चालू ठेवल्या. मार्कस यांचे निरीक्षण असे की विरोधाचे मूळ त्या विभागीय लेखापालांच्या स्वभावात शोधायचे कारण नव्हते, आणि सॉफ्टवेअर तांत्रिक दृष्ट्या सुधारल्याने तो मावळणारही नव्हता. ज्यांच्या हातातून नियंत्रण जात होते ते विरोध करत होते आणि ज्यांच्या हाती ते येत होते ते त्याच प्रणालीवर खूश होते.

प्रकल्पांच्या सादरीकरणांत याला सर्रास "बदलाला विरोध" म्हटले जाते. मला हा शब्दप्रयोग आळशी वाटतो, कारण तो कारण शोधायच्या ऐवजी माणसाला दोष देऊन मोकळा होतो. हीच माणसे घरी नवा फोन आला तर त्याच दिवशी वापरू लागतात. कामाच्या ठिकाणी ती अडून बसतात, तेव्हा त्यांना काहीतरी दिसलेले असते, आणि ते विचारून घेणे हा अंमलबजावणीतला सर्वांत स्वस्त उपाय असतो.

संस्थेची तयारी

तंत्रज्ञान तेच, किंमत तीच, तरीही एका कंपनीला त्यातून भरघोस लाभ होतो आणि दुसरीला काहीच होत नाही. अर्थतज्ज्ञांना हे कोडे १९८० च्या दशकापासून छळत होते. संगणकयुग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत तेवढे दिसत नाही, अशा आशयाची रॉबर्ट सोलो यांची १९८७ मधली टिप्पणी तेव्हापासून सतत सांगितली जाते.

पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये या कोड्याचे उत्तर विजेच्या इतिहासात शोधले. एडिसन यांचे न्यूयॉर्कमधील वीज केंद्र १८८२ मध्ये सुरू झाले, तरी १८९९ मध्ये अमेरिकेतील कारखान्यांत यंत्रे फिरवणाऱ्या एकूण शक्तीपैकी ५ टक्क्यांहूनही कमी वाटा विजेच्या मोटारींचा होता. वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या कारखान्यात एक मोठे इंजिन छताखालून गेलेला लांब दांडा फिरवत असे आणि त्या दांड्यावरून पट्ट्यांनी प्रत्येक यंत्राला गती मिळत असे. त्यामुळे यंत्रे कामाच्या क्रमाने मांडता येत नसत. ज्याला जास्त शक्ती लागते ते यंत्र दांड्याच्या जवळ, अशी मांडणी होई, आणि दांडा फार लांब नेता येत नसल्याने इमारती बहुमजली असत. वीज आल्यावर अनेक कारखानदारांनी इंजिन काढून तिथे एक मोठी मोटार बसवली आणि बाकी सगळे जसेच्या तसे ठेवले. फायदा बेताचाच झाला. खरा फायदा १९२० च्या दशकात दिसला, जेव्हा प्रत्येक यंत्राला स्वतःची लहान मोटार मिळाली, दांडे आणि पट्टे गेले, एकमजली प्रशस्त कारखाने उभे राहिले आणि माल ज्या क्रमाने पुढे सरकतो त्या क्रमाने यंत्रे मांडता आली. म्हणजे तंत्रज्ञान येऊन चार दशके झाल्यावर.

संगणकाच्या बाबतीतही हेच घडते. कागदी अर्ज जसाच्या तसा पडद्यावर आणला, त्यावर पूर्वीसारख्याच सहा जणांच्या संमत्या ठेवल्या आणि शेवटी त्याची छापील प्रत काढून फाइलला लावली, तर ती मोठ्या इंजिनाच्या जागी बसवलेली मोठी मोटार झाली. एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर पुढे बरेच काम केले. त्यांच्या अभ्यासांचा रोख असा की यंत्रे आणि सॉफ्टवेअर यांवरचा खर्च हा एकूण खर्चाचा लहान भाग असतो. प्रशिक्षण, कामाची फेररचना, अधिकारांची नवी वाटणी आणि सुरुवातीच्या गोंधळात गेलेला वेळ यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो. हा खर्च हिशेबाच्या पुस्तकात गुंतवणूक म्हणून दिसत नाही, त्यामुळे अंदाजपत्रकात त्याला जागा नसते. सुरुवातीची काही वर्षे उत्पादकता घसरल्यासारखी दिसते आणि नेमक्या त्याच वेळी अधीर झालेले संचालक मंडळ प्रकल्प बंद करण्याचा विचार करू लागते.

व्यवस्थापनाचा दर्जा इथे किती निर्णायक ठरतो, याचा एक चांगला पुरावा निकोलस ब्लूम, रफाएला सादून आणि जॉन व्हॅन रीनन यांच्या २०१२ च्या संशोधनात मिळतो. ब्रिटनमध्येच काम करणाऱ्या कंपन्यांची तुलना करताना त्यांना आढळले की अमेरिकी बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मालकीच्या आस्थापनांना माहिती तंत्रज्ञानातून इतरांपेक्षा जास्त उत्पादकता मिळत होती. देश तोच, बाजारपेठ तीच. फरक होता तो मुख्यतः माणसांच्या व्यवस्थापनात, म्हणजे बढती, मोबदला, भरती आणि कामगिरीचे मोजमाप कशा रीतीने होते यात.

संस्थेचा आकार दोन्ही बाजूंनी काम करतो. मोठ्या संस्थेकडे पैसा, स्वतःचे तज्ज्ञ आणि एखादा प्रयोग फसला तरी सावरण्याची ऐपत असते. लहान संस्थेत यांतले काही नसते, पण निर्णय घेणारा आणि वापरणारा कित्येकदा एकच माणूस असल्यामुळे पटले की बदल आठवड्याभरात होतो. आकारापेक्षाही महत्त्वाची ठरते ती आधीची जाण. वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिन्थल यांनी १९९० मध्ये दाखवले की बाहेरचे नवे ज्ञान ओळखून ते पचवण्याची क्षमता ही संस्थेत आधीपासून असलेल्या ज्ञानावर अवलंबून असते. ज्या संस्थेने आपल्या नोंदी कधी नीट ठेवल्याच नाहीत, तिला माहितीच्या विश्लेषणाचे अत्याधुनिक सॉफ्टवेअर देऊन उपयोग होत नाही, कारण विश्लेषणाला घालायला तिच्याकडे विश्वासार्ह माहितीच नसते.

वेळेचे भान हाही तयारीचाच भाग आहे. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने सुमारे ११ कोटी २० लाख डॉलरचा प्रकल्प हाती घेऊन ऑर्डर, साठा आणि वितरण यांसाठीच्या अनेक नव्या प्रणाली १९९९ च्या जुलैमध्ये जवळजवळ एकाच वेळी चालू केल्या. वर्षाचे फक्त शेवटचे दोन अंक साठवणाऱ्या जुन्या प्रणाली सन २००० उजाडताच तारखांत गोंधळतील, हा प्रश्न समोर असल्यामुळे जास्त काळ लागणारे काम कमी काळात बसवले होते. ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनचा हंगाम म्हणजे या धंद्याचा सर्वांत भराचा काळ, आणि त्याच्या मोठ्या ऑर्डरी नेमक्या त्याच सुमारास येऊ लागतात. गोदामात माल असूनही १० कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या ऑर्डरी वेळेवर पोहोचवता आल्या नाहीत. तीच सॉफ्टवेअरे इतरत्र व्यवस्थित चालत होती.

बाहेरचा रेटा

काही तंत्रज्ञाने अशी असतात की ती एकट्याने घेऊन भागत नाही. फॅक्सची मूळ कल्पना एकोणिसाव्या शतकातली आहे, पण समोरच्याकडे तेच यंत्र असल्याशिवाय तिचा उपयोग शून्य. १९८० मध्ये सर्व उत्पादकांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलता येईल असे आंतरराष्ट्रीय मानक ठरले आणि त्यानंतर त्या दशकात फॅक्स कचेऱ्याकचेऱ्यांत पोहोचला. बारकोडचीही गोष्ट अशीच. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचे पाकीट स्कॅन झाले आणि या पद्धतीचा आरंभ झाला. पुढची काही वर्षे मात्र गाडी अडून होती. वस्तूंवर बारकोड छापलेले नसतील तर दुकानदाराने महागडा स्कॅनर का घ्यावा, आणि दुकानांत स्कॅनर नसतील तर उत्पादकाने वेष्टन का बदलावे? अशी कोंडी फोडायला एक तर सर्वांनी मिळून मानक ठरवावे लागते किंवा एखादा बलाढ्य ग्राहक सक्ती करू शकावा लागतो.

सक्तीची मर्यादाही पाहण्यासारखी आहे. वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या १०० मोठ्या पुरवठादारांना सांगितले की जानेवारी २००५ पर्यंत खोक्यांवर रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या आरएफआयडी चिठ्ठ्या लावा. एवढा मोठा ग्राहक दुखावणे कोणालाच परवडणारे नव्हते. अनेक पुरवठादारांनी मग सर्वांत स्वस्त मार्ग धरला. आपल्या कारखान्यात आणि गोदामात पूर्वीचेच काम चालू ठेवायचे आणि माल गाडीत चढवण्याच्या अगदी आधी चिठ्ठी चिकटवून द्यायची. ग्राहकाची अट पुरी झाली, पण त्या चिठ्ठीचा स्वतःच्या कामात काडीचाही उपयोग करून घेतला गेला नाही, आणि तिचा खर्च मात्र पुरवठादाराच्या माथी राहिला. स्वीकार झाला असे कागदावर म्हणता येईल. रुजणे झाले नाही.

सरकारी सक्ती जास्त पक्की असते, कारण तिच्यातून पळवाट कमी असते. इटलीने १ जानेवारी २०१९ पासून व्यवसायांमधील बिले सरकारी यंत्रणेमार्फत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच पाठवणे बंधनकारक केले, तेव्हा वर्षानुवर्षे टाळाटाळ करणाऱ्यांनाही हिशेबाचे सॉफ्टवेअर घ्यावेच लागले. अशी सक्ती सर्वांवर एकदम येत असल्यामुळे फॅक्स आणि बारकोडसारखी कोंडीही आपोआप फुटते. २०२० मधील महासाथीने तर कायद्याशिवायच हे केले. झूमच्या बैठकांत दररोज सहभागी होणाऱ्यांची संख्या डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे १ कोटी होती, ती एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेली. दूरस्थ बैठकांचे तंत्र काही त्या चार महिन्यांत शोधले गेले नव्हते.

सक्ती आणि गरज यांच्याखेरीज तिसरा रेटा अनुकरणाचा असतो. पॉल डिमॅजिओ आणि वॉल्टर पॉवेल यांनी १९८३ मध्ये लिहिले की परिस्थिती अनिश्चित असते तेव्हा संस्था यशस्वी दिसणाऱ्या इतर संस्थांचे अनुकरण करतात. हे नेहमीच अविचारी नसते, कारण दुसऱ्याच्या अनुभवातून शिकणे स्वस्त पडते. पण अनुकरण करणाऱ्याला दुसऱ्याची खरेदी दिसते, त्याने केलेली अंतर्गत फेररचना दिसत नाही. एखाद्या संमेलनात ऐकलेल्या नावावरून प्रकल्प सुरू होतो आणि तो कोणती अडचण सोडवणार आहे, याचा शोध नंतर घेतला जातो, असे प्रकार त्यातूनच घडतात.

खालून शिरणारे तंत्रज्ञान

आतापर्यंतच्या वर्णनात निर्णय वरून खाली येतो असे गृहीत धरले आहे. नेहमी तसे होत नाही. १९७९ मध्ये ॲपल २ या लहान संगणकासाठी व्हिसिकॅल्क हे कोष्टकांचे सॉफ्टवेअर आले, तेव्हा मोठ्या कंपन्यांतले संगणक विभाग त्याच्याकडे खेळणे म्हणून पाहत होते. लेखापाल आणि व्यवस्थापक मात्र ते आपल्या विभागाच्या खर्चातून, प्रसंगी पदरमोड करून घेऊ लागले. एक आकडा बदलला की संपूर्ण कोष्टक स्वतःहून बदलते, हा लाभ पाच मिनिटांत दिसत होता आणि तो काम करणाऱ्यालाच मिळत होता. रॉजर्स यांच्या पाचही कसोट्यांना ते उतरले, आणि ग्रुडिन यांनी पुढे दाखवलेली विसंगती त्यात नव्हतीच.

क्लाउड सेवांनी ही वाट आणखी रुंद केली. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवणूक आणि संगणन भाड्याने द्यायला सुरुवात केल्यावर सुरुवातीची मोठी गुंतवणूक हा अडथळा पुष्कळ अंशी दूर झाला. लहान व्यवसायही एखादी सेवा महिनाभर वापरून सोडून देऊ शकतो. मात्र अडथळा संपला नाही, त्याची जागा बदलली. आता घ्यायला सोपे आणि सोडायला अवघड अशी अवस्था असते. वर्षानुवर्षांची माहिती एका सेवेच्या साच्यात बसली आणि कर्मचाऱ्यांचा हात तिच्यावर बसला की दुसरीकडे जाण्याचा खर्च दर वर्षी वाढत जातो, आणि भाडे वाढवणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. म्हणून अनुभवी खरेदीदार सेवा कशी सुरू होईल यापेक्षा आपली माहिती कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल, हे कलम आधी वाचतो.

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले तेव्हा खालून शिरण्याचा वेग पूर्वी कधी नव्हता इतका वाढला. ना खरेदी, ना करार, ना प्रशिक्षण. कंपनीने धोरण ठरवण्याच्या आधीच कर्मचारी पत्रांचे मसुदे आणि प्रोग्रॅमचे तुकडे त्यात घालू लागले होते. मे २०२३ मध्ये सॅमसंगने, आपल्या कर्मचाऱ्यांनी अंतर्गत प्रोग्रॅम अशा सेवेत टाकल्याचे आढळल्यावर, त्यांच्या वापरावर बंदी घातली. इथे लाभ काम करणाऱ्याचा होता आणि धोका संस्थेचा, म्हणजे सामायिक दिनदर्शिकेच्या बरोबर उलट. अशा वेळी नुसत्या बंदीने वापर थांबतोच असे नाही; तो वैयक्तिक फोनवर सरकतो आणि संस्थेच्या नजरेआड होतो. त्यामुळे अनेक कंपन्यांनी पुढे स्वतःच्या नियंत्रणाखालची, माहिती बाहेर जाणार नाही अशी सोय कर्मचाऱ्यांना उपलब्ध करून देण्याचा मार्ग धरला. तशी सोय बाहेरच्या साधनाइतकीच हाताशी आणि तितकीच उपयोगी असेल तरच लोक तिच्याकडे वळतात, आणि ती तशी ठेवण्याचे काम एकदा बसवून संपणारे नसते.